राखणीला बसलेलं शरीर



फिजिओथेरपीच्या खोलीत चार भिंतींच्या आत बोलला जाणारा विषय मी आज सभागृहात आणते आहे.

विषय आहे जुनाट दुखण्याचा. कंबर, मान, खांदा, गुडघा. ‘तीन महिन्यांहून अधिक काळ ज्यांचं काही ना काही दुखतंय त्यांनी हात वर करा’, असं मी म्हटलं तर हात मोजायला बराच वेळ लागेल. नुसत्या कंबरदुखीचा जागतिक हिशेब पाहा. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसं कंबरदुखीनं त्रस्त होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे.

तीन महिनेच का? कारण लचकलेला स्नायू, ताणलेला अस्थिबंध, साधी दुखापत बहुतेक वेळा तेवढ्या काळात भरून येते. जखम भरली, सूज उतरली, तपासण्यांत काही गंभीर निघालं नाही, तरी दुखतंच. मग दुखतं कशानं? आजचा प्रश्न एवढाच आहे.

माझं उत्तर आधीच सांगते. शरीरानं दुखापतीच्या वेळी एक राखण बसवलेली असते. दुखापत भरून येते, पण पुष्कळदा राखण उठत नाही. आपली उभं राहण्याची, बसण्याची, वाकण्याची सगळी ढब त्या राखणीभोवती बेतली जाते आणि मग ती ढबच दुखू लागते. सगळ्या जुनाट दुखण्यांचं कारण हेच, असा माझा दावा नाही. पण फार मोठ्या संख्येनं माणसं या एका गाठीत अडकलेली मी पाहते आणि ती गाठ सुटते, म्हणून आज बोलायचं. चार मुद्दे मांडणार आहे.

पहिला मुद्दा. आपण ज्याला ‘स्वस्थ उभं राहणं’ म्हणतो, ते स्वस्थ नसतंच.

ज्यांना शक्य आहे, त्यांनी क्षणभर उभं राहावं. डाव्या हाताची बोटं कमरेच्या मागं, कण्याच्या शेजारच्या मांसल भागावर ठेवा. आता उजवा हात झटकन समोर खांद्यापर्यंत उचला. बोटांखाली काहीतरी टणक झालं ना? तुम्ही पाठीला काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही फक्त हात उचललात. बसा आता.

हात पुढे गेला की शरीराचा तोल पुढे जातो. तो जाण्याआधीच मज्जासंस्था पाठीचे, पोटाचे, पोटऱ्यांचे स्नायू आवळून ठेवते. प्रयोगशाळेत इलेक्ट्रोड लावून हे मोजलेलं आहे. निरोगी माणसात पोटाचा सर्वात आतला आडवा स्नायू हात उचलणाऱ्या स्नायूच्याही आधी जागा होतो. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी दाखवलं की, कंबरदुखीच्या रुग्णांत हाच स्नायू उशिरा जागा होतो. उशीर सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो. पण दिवसभरात आपण हात किती वेळा उचलतो?

न सांगता चालणाऱ्या या कामाचा पाया म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया; त्या नीट उलगडून दाखवल्या इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी. त्यांचा मज्जासंस्थेवरचा मोठा ग्रंथ १९०६ चा. नोबेल मिळालं १९३२ साली, एडगर एड्रियन यांच्याबरोबर. स्नायूंच्या आत ताण मोजणाऱ्या सूक्ष्म संवेदक तर्कू असतात. स्नायू अचानक ताणला गेला की त्या मज्जारज्जूला वर्दी देतात आणि मेंदूला विचारायच्या आत स्नायू आवळला जातो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, ती हीच प्रतिक्षिप्त क्रिया. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या रूडॉल्फ माग्नुस यांनी १९२४ साली शरीराच्या ठेवणीवर आख्खा ग्रंथच लिहिला. मान वळली की हातापायांतला ताण कसा बदलतो, कानातला तोल सांभाळणारा भाग डोकं सरळ कसं ठेवतो, हे त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं.

यातून घ्यायचं ते एवढंच. शरीराची ठेवण म्हणजे हाडांची रचना नव्हे. डोळे, कान, तळपाय आणि स्नायू यांच्याकडून क्षणोक्षणी येणाऱ्या खबरांवर चाललेलं ते काम आहे. डोळे मिटून उभं राहून पाहा, झोकांडी वाढते, कारण एक खबर बंद झाली. आणि जे काम आहे, ते बिघडू शकतं. जे बिघडू शकतं, ते शिकवूनही सुधारता येतं.

दुसरा मुद्दा असंतुलनाचा.

शेरिंग्टननी दाखवलेला एक नियम फार सुंदर आहे. एक स्नायू आवळताना त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला मज्जारज्जूतूनच ‘सैल हो’ असा हुकूम जातो. कोपर वाकवताना दंडाच्या पुढचा स्नायू आवळतो, मागचा सैल होतो. हे झालं नाही तर हात वाकणारच नाही. पण एखादा स्नायू दिवसाचे दहा तास आवळलेलाच राहिला तर त्याच्या जोडीदाराचं काय होईल?

हा प्रश्न आयुष्यभर धरून बसलेले वैद्य म्हणजे प्रागचे व्लादिमीर यांदा, जन्म १९२८. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला होता. कोणता स्नायू दगा देतो आणि त्याचं काम दुसरा कोणता अंगावर घेतो, हे त्यांनी आधी स्वतःच्या शरीरात भोगलं आणि मग हजारो रुग्णांत पाहिलं. आपल्याकडेही फिजिओथेरपीचं शिक्षण पोलिओच्या साथींच्याच सावलीत सुरू झालं. देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा १९५३ साली मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात निघाली. स्नायूंच्या असंतुलनाचे पहिले धडे या व्यवसायाला पोलिओच्या मुलांनी दिले आहेत, हे मला कृतज्ञतेनं सांगावंसं वाटतं.

यांदांचं म्हणणं असं, की काही स्नायूंचा कल आवळण्याकडे असतो, काहींचा ढिलं पडण्याकडे. मानेच्या मागचे आणि छातीचे आवळतात. गळ्याच्या आतले आणि पाठीचे, खांद्याच्या पात्याला धरून ठेवणारे ढिले पडतात. बाजूनं पाहिलं तर आवळलेल्यांची एक रेघ आणि ढिल्यांची दुसरी रेघ, दोन्ही एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. तसंच खाली कमरेशी. जांघेतले आणि कमरेचे आवळलेले, पोटाचे आणि नितंबांचे ढिले. मोबाइलवर मान घालून बसलेला मुलगा, मशीनवर शिलाई मारणारी बाई, दिवसभर हँडल धरून बसणारा रिक्षावाला, सगळ्यांत ही फुली थोडीफार दिसते.

पण इथं थांबायला हवं, कारण अर्धं सत्य सांगून मला जायचं नाही. ही फुली दिसते म्हणून दुखणारच असं नाही. पोक काढून बसणारी कितीतरी माणसं आनंदात असतात आणि ताठ बसणारी कितीतरी कण्हत असतात. ठेवण आणि दुखणं यांचा सरळ संबंध शोधणारे अभ्यास झाले, त्यांत तो संबंध कच्चा निघाला. ‘पोक काढतोस म्हणून मान दुखते’ हे वाक्य आपण ज्या खात्रीनं म्हणतो, तेवढी खात्री विज्ञानाकडे नाही. मग असंतुलनाला अर्थ काय? अर्थ आहे, पण तो कळायला तिसरा मुद्दा लागतो.

तिसरा मुद्दा राखणीचा. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच.

अनवाणी चालताना काटा रुततो. काय होतं? तो पाय झटक्यानं वर उचलला जातो आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होऊन सगळा भार घेतो. दोन्ही हुकूम मज्जारज्जूतून निघतात. ‘काटा’ हा शब्द मनात येण्याआधी हे झालेलं असतं. नाहीतर आपण पडलोच असतो.

आता हाच प्रकार गुडघ्याचा पाहा. निरोगी माणसाच्या गुडघ्यात थोडं सलाईन टोचून सांधा फुगवला, तर मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो. स्नायूला काहीही झालेलं नसतं. सांध्यातल्या दाबाची खबर मज्जारज्जूला मिळते आणि मज्जारज्जू त्या स्नायूला गप्प बसवतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ‘मॅडम, पाय उचलतच नाही हो’ म्हणणारा माणूस आळशी नसतो. त्याच्या मांडीला आतून मनाई झालेली असते.

आणि कंबर? ज्युली हाइड्स या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टनी सोनोग्राफीनं कण्याला चिकटून असणारा खोलवरचा स्नायू मोजला. कंबर पहिल्यांदाच धरली होती अशा रुग्णांत, ज्या बाजूला दुखत होतं त्याच बाजूला आणि त्याच मणक्याशी तो स्नायू बारीक झालेला आढळला. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काही आठवड्यांत दुखणं गेलं, माणसं कामाला लागली, पण ज्यांनी व्यायाम केला नाही त्यांचा स्नायू भरून आला नाही. वर्षभरात त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांची कंबर पुन्हा धरली. व्यायाम केलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होतं. गट लहान होता, एकूण ३९ जणांचा. पुढच्या मोठ्या अभ्यासांतून असंही दिसलं, की अमुक एकच व्यायाम हवा असं काही नाही, नियमित केलेला कोणताही व्यायाम कामाला येतो. पण मूळ गोष्ट कायम आहे. दुखणं गेलं म्हणजे शरीर पूर्ववत झालं, असं नाही.

पिकाच्या राखणीला माळ्यावर बसलेला जागल्या डोळ्यांसमोर आणा. कणसं घरी गेली, रान मोकळं झालं, पण त्याला कुणी येऊन सांगितलंच नाही. तो रात्रभर आरोळ्या देतोय, पाचोळा वाजला तरी गोफण फिरवतोय. त्याचा दोष काय? त्याचं काम तो इमानानं करतोय. जुनाट दुखण्यात शरीर असंच वागतं.

मज्जारज्जूतच हा बदल होतो, याचा पुरावा १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून दिला. पायाला इजा झाल्यावर पाय मागं घेण्याची प्रतिक्षिप्त क्रिया आधीपेक्षा हलक्या स्पर्शानंही उठू लागली आणि जोरानं उठू लागली. बदल इजेच्या जागेपुरता नव्हता, मज्जारज्जूच जास्त जागा झाला होता. त्याआधी १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी सांगितलं होतं, की वेदनेच्या खबरा मज्जारज्जूत जशाच्या तशा पुढे जात नाहीत, तिथं त्या वाढवल्या किंवा रोखल्या जातात. भीती, अपुरी झोप, घरातली चिंता यांनी त्या वाढतात. हालचाल, स्पर्श, विश्वास यांनी रोखल्या जातात. म्हणजे दुखणं खोटं असतं का? मुळीच नाही. दुखणं नेहमी खरंच असतं. ते कुठून येतंय, एवढाच प्रश्न असतो.

माझ्याकडे एक शिलाईकाम करणाऱ्या ताई यायच्या. पाण्याची कळशी उचलताना कमरेत उसण भरली होती, त्याला दोन वर्षं झाली होती. एक्स-रे झाला, ‘मणक्यात गॅप आहे, वाकू नका’ असं कुणीतरी सांगितलं, पट्टा मिळाला. पट्टा दोन वर्षं कमरेला होता. त्यांच्या हातातली बॉबिन जमिनीवर पडली, तेव्हा मी नुसतं पाहत राहिले. आधी डावा तळवा टेबलावर रोवला. ओठ मिटले. श्वास थांबला. पाठ फळीसारखी सरळ ठेवून, एक गुडघा मोडत, चेहरा वळवून त्या खाली गेल्या आणि बॉबिन उचलून तशाच वर आल्या. उभं राहिल्यावर मोठा उसासा.

मी विचारलं, ‘ताई, श्वास का धरलात?’

‘धरला होता का? मला नाही बाई कळलं.’

‘दुखलं का?’

त्या क्षणभर थांबल्या. ‘आत्ता नाही दुखलं. पण दुखलं असतं ना!’

श्रोतेहो, ‘दुखलं असतं ना’ या तीन शब्दांत जुनाट दुखण्याचं निम्मं शास्त्र आहे. दोन शेरांचं ओझं उचलायला लागणार नाही एवढी ताकद त्या एक बॉबिन उचलायला लावत होत्या. दिवसातून शंभरदा. श्वासपटल, पोट, पाठ सगळं एकदम आवळून. संध्याकाळी ती कंबर दुखणार नाही तर काय होईल? असंतुलनाचा अर्थ मला इथं सापडतो. आवळलेल्या-ढिल्या स्नायूंची ती फुली पुष्कळदा दुखण्याच्या मुळाशी नसते. राखणीची ती खूण असते. पण वर्षानुवर्षं राहिली की तीच नव्या दुखण्याला जन्म देते. सुरुवात कुठून झाली हे मग सांगता येत नाही, एकातून दुसरं निघत राहतं.

चौथा मुद्दा. मग करायचं काय?

आधी एक इशारा, तो नीट ऐका. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, जोरात पडणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कशानंही न थांबणारं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर व्याख्यानं ऐकत बसू नका, तातडीनं डॉक्टरकडे जा. मी बोलते आहे ते ही कारणं वगळल्यानंतरच्या दुखण्याबद्दल.

पहिली गोष्ट, शब्द जपून वापरा. ‘मणक्यात गॅप’, ‘गादी सरकली’, ‘हाडं झिजली’. हे शब्द ऐकून माणूस आयुष्यभर वाकत नाही. आता हे ऐका. काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन एकत्र तपासले गेले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसली, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. केस पांढरे होतात तशा चकत्याही म्हाताऱ्या होतात. स्कॅन खोटं बोलत नाही, पण स्कॅनमध्ये दिसलं तेच दुखतंय, असं प्रत्येक वेळी नसतं.

दुसरी गोष्ट, ‘ताठ बस’ हे बंद करा. स्वीडनच्या नाचेमसन यांनी चकतीत सुई घालून दाब मोजला आणि बसल्यावर तो उभ्यापेक्षा जास्त असल्याचं सांगितलं. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजला, तेव्हा सैल रेलून बसल्यावर तो उभ्यापेक्षा कमी निघाला. एकच एक बैठक पवित्र नाही. ताठ बसून तीन तास काढणंही वाईट आणि पोक काढून तीन तास काढणंही वाईट. बैठक बदला. उठा, चाला, पुन्हा बसा. शरीराला खबरा हव्या असतात आणि हालचाल बंद झाली की खबरा बंद होतात.

तिसरी गोष्ट, राखण हळूहळू उठवा. ज्या हालचालीची भीती आहे तीच, पण लहान करून, श्वास सोडत, दुखणं थोडं वाढलं तरी घाबरून न जाता. त्या ताईंनी आधी खुर्चीत बसून नुसतं गुडघ्यांकडे वाकायला सुरुवात केली. मग स्टुलावरची वस्तू उचलली, मग जमिनीवरची. पट्टा आधी कामापुरता राहिला, मग खुंटीवर गेला. दुखणं एका दिवसात गेलं नाही, अधूनमधून परत आलं, पण परत आलं तेव्हा त्या घाबरल्या नाहीत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या वापरून आसनं शिकवली, त्यामागचं मर्म मला हेच वाटतं. आधार मिळाला की शरीर घाबरत नाही आणि न घाबरलेलं शरीर पुढे जातं. या पद्धतीवर कंबरदुखीसाठी परदेशात चाचण्या झाल्या, त्यांत दुखणं आणि अडचण दोन्ही कमी झाल्याचं दिसलं.

चौथी गोष्ट, ताकद मिळवा. चालणं, जिना, उठाबशा, ओझं उचलण्याचा सराव, काहीही. रोज जमेल ते, आवडेल ते. आणि झोप. झोप नसेल तर वरचं सगळं अर्धंच लागू पडतं.

पाचवी गोष्ट मात्र माणसाच्या एकट्याच्या हातातली नाही. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईला ‘दर अर्ध्या तासानं बैठक बदला’ असं मी कोणत्या तोंडानं सांगू? भातलावणीत दिवसभर ओणवं असणाऱ्या बाईला? तिच्या शरीरानं बसवलेली राखण उठणार कशी? त्या शरीरावरचा मार तर रोज चालूच आहे. तिला व्यायामाचं पत्रक नको, विसावा हवा. हत्यार हवं. खुरपं घेऊन उकिडवं बसण्याऐवजी सायकल कोळपं ढकलणारी बाई उभ्यानं काम करते, एवढा साधा बदल कमरेला दिलासा देऊन जातो. स्वयंपाकघराचा ओटा घरातल्या बाईच्या उंचीचा हवा, शाळेचा बाक मुलाच्या उंचीचा हवा, झाडूचा दांडा लांब हवा. जुनाट दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात आता स्वतंत्र स्थान आहे. ते आपल्या कामाच्या ठिकाणी, आपल्या अंदाजपत्रकात कधी मिळणार, हा प्रश्न मी या सभागृहापुढे ठेवते.

आता आवरतं घेते. शरीराची ठेवण हे अखंड चालणारं काम आहे. असंतुलन दिसतं, पण ते एकटं गुन्हेगार नसतं. इजेच्या वेळी बसलेली राखण इजेनंतरही राहू शकते आणि जुनाट दुखण्याचा मोठा वाटा तिच्यात असतो. ही राखण माहितीनं, हळूहळू वाढवलेल्या हालचालीनं, ताकदीनं आणि माणसाला पेलेल अशा कामानं उठवता येते.

माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना विनंती आहे, की रिपोर्ट वाचून दाखवताना समोरचा माणूस त्यातला कोणता शब्द घरी घेऊन जाणार आहे, याचा विचार करा. घरच्यांना विनंती आहे, की दुखणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवू नका आणि त्याला अंथरुणालाही खिळवू नका. त्याच्याबरोबर चालायला निघा. आणि ज्यांचं आज दुखतंय, त्यांना एवढंच सांगते. तुमचं दुखणं खरं आहे, तुमचं शरीर मोडलेलं नाही आणि ते अजून शिकू शकतं. शिकवायला उद्यापासून सुरुवात करा.